दीड महिन्यासाठी डॉक्टर पाहिजे!

आजवर मी काय काय ‘हायर’ केलंय! वेल्डर, सीएनसी ऑपरेटर, फोर्कलिफ्टवाले, कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बारा मावश्या... एकदा तर पावसाळ्यात गोडाऊनमध्ये निघालेल्या सापासाठी सर्पमित्रसुद्धा. पण डॉक्टर? आणि तोही फक्त दीड महिन्यासाठी?

झालं असं, की आमच्या कंपनीचे डॉक्टर सहा आठवड्यांच्या रजेवर निघाले. मुलीचं बाळंतपण, न्यू जर्सीला. सोमवारच्या मीटिंगमध्ये प्लँट हेड सर म्हणाले, ‘‘एचआर बघेल.’’ चाकणच्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको, या दोन शब्दांवर अपील नसतं.

आमची कंपनी पत्र्याचे पार्ट बनवते. म्हणजे तुमच्या गाडीवर ज्यांचं नाव असतं त्यांच्यापैकी आम्ही नाही, त्यांना माल पुरवणाऱ्यांपैकी एक. कायम, कंत्राटी, ट्रेनी सगळे धरून सहाशेच्या वर माणसं, तीन शिफ्ट. १९४८च्या कारखाने अधिनियमापासून नियम आहे, की पाचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम हवी. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही पाचशेचा आकडा तसाच राहिला. आमच्याकडे ती रूम आहे. एसी आहे, वजनकाटा आहे, भिंतीवर हृदयाचं रंगीत चित्र आहे. आता सहा आठवडे खुर्ची तेवढी रिकामी राहणार होती.

मी नेहमीप्रमाणे एक्सेल उघडलं. पहिला कॉलम नाव, दुसरा डिग्री, तिसरा रेट. म्हटलं, दोन दिवसांत उरकून टाकू. प्रत्यक्षात त्या तिसऱ्या कॉलमने माझे दोन आठवडे खाल्ले.

‘एएफआयएचवाला देऊ की साधा?’

पहिल्या एजन्सीच्या माणसाने फोनवर विचारलेला हा प्रश्न. सूर अगदी ‘एसी की नॉन-एसी?’ असा. मी गप्प. मग त्यानेच ज्ञान दिलं. एएफआयएच म्हणजे असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ. एमबीबीएसनंतरचा तीन महिन्यांचा कोर्स, सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्येही होतो. ज्या कारखान्यांत धोकादायक प्रक्रिया चालतात, तिथल्या डॉक्टरला औद्योगिक आरोग्याचं हे प्रशिक्षण लागतं. पन्नासपर्यंत कामगार असले तर डॉक्टर रिटेनरवर चालतो, दोनशेपर्यंत आठवड्यातून निदान दोनदा यायला हवा आणि त्याच्या वर गेलात की फुलटाइम, असं फॅक्टरी नियमांचं गणित असायचं. आमच्याकडे पेंट शॉप आहे. शिवाय कस्टमरचा ऑडिटर हातात चेकलिस्ट घेऊनच गेटमधून आत येतो. त्यामुळे ‘वाला’च पाहिजे होता.

रेट? दिवसाची आठ तासांची ड्युटी, चार हजार रुपये. साधा एमबीबीएस तीन हजारांत.

संध्याकाळी घरी आले. मोशीच्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत माझी मावसबहीण राहते. एमबीबीएस झालीये, पीजीच्या परीक्षेची तयारी करतेय आणि खर्चाला पैसे हवेत म्हणून आठवड्यातून तीन रात्री एका नर्सिंग होममध्ये आरएमओ म्हणून ड्युटी करते. ती डबा भरत होती, मी तिला आकडे वाचून दाखवले.

‘‘ताई, चार हजार? कशाचे गं?’’

‘‘बीपी बघायचं, नव्या जॉइन होणाऱ्यांचं मेडिकल करायचं, ऑडिट आलं की रजिस्टर दाखवायचं. दिवसाला वीस-पंचवीस माणसं येतात. अर्धी तर डोकं दुखतंय म्हणून सुट्टी मागायला!’’

ती इतकी हसली, की आमटी सांडली. मग तिने स्वतःचा रेट सांगितला. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तासांचे दोन हजार. त्याच मजल्यावर तिच्याबरोबर बीएएमएस झालेला एक मुलगा असतो, त्याला बाराशे. चाळीस बेड, एक छोटं आयसीयू, आणि रात्रभर जागे असलेले डॉक्टर हे दोघंच. छातीत दुखणारा पेशंट आला तर पहिला ईसीजी यांनीच काढायचा, कन्सल्टंटला फोनही यांनीच करायचा. नातेवाईक चिडले तर शिव्या खायलाही हेच.

मी एचआरची बाई. हातात कॅल्क्युलेटर येणारच. आमच्या ॲम्ब्युलन्स रूममधला डॉक्टर तासाला पाचशे. माझी बहीण तासाला एकशे सहासष्ट. तो बीएएमएसवाला शंभर. एवढ्यात तर चिंचवडला दोन माणसांची धड कॉफी पण होत नाही!

‘‘असं का गं?’’ मी विचारलं.

‘‘तुझ्या डॉक्टरमागे ऑडिटर आहे,’’ ती बॅग उचलत म्हणाली. ‘‘माझ्यामागे कोण आहे? माझ्यासारख्या अजून पन्नास जणी. सगळ्यांनाच पीजी करायचंय, सगळ्यांनाच दिवसा अभ्यासाला वेळ हवाय. मी नाही म्हटलं, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत दुसरी मिळते.’’

तीन नद्यांचे तीन रेट

त्या शनिवारी तिने मला तिच्या ओळखीच्या एका ॲनेस्थेटिस्ट मॅडमकडे नेलं. (मला ॲनेस्थेटिस्ट नको होता, पण तोवर हा विषय माझ्या डोक्यात शिरला होता.) मॅडमची गाडी बघण्यासारखी. डिकीत दोन मोठ्या बॅगा, त्यात ट्यूब, लॅरिंगोस्कोप, औषधांचे डबे. मागच्या सीटवर चपातीचा डबा आणि मुलाची क्रिकेट बॅट. मॅडम कुठल्याच हॉस्पिटलच्या पगारावर नाहीत. सकाळी आकुर्डीत एक सिझर, दुपारी निगडीत हर्निया, संध्याकाळी भोसरीत फ्रॅक्चर. फोन येईल तिकडे जायचं, केस झाली की पैसे.

रेट नदीवर ठरतो, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाशिक रोड डोळ्यांसमोर आणा. मोशीला इंद्रायणी, चाकण सोडलं की वाकीजवळ भामा, मग राजगुरुनगरला भीमा. इंद्रायणीच्या अलीकडे साध्या केसला त्या साडेतीन-चार हजार घेतात. इंद्रायणी ओलांडली की पाच. भीमेपर्यंत जायचं तर सात-आठ, आणि रात्रीचा फोन असेल तर त्याच्या दीडपट. ‘‘लोकांना वाटतं, मॅडम महाग आहेत. अहो, तळेगाव चौकात दीड तास गेला तर त्या वेळात माझी निगडीची केस जाते. ते पैसे कोण देणार?’’ तळेगाव चौकात ज्याने शुक्रवारची संध्याकाळ काढलीये, तो यावर वाद घालणार नाही.

पण खरं कारण ट्रॅफिक नाही, हे त्यांनीच पुढे कबूल केलं. सर्जन तयार, पेशंट टेबलवर, ओटी सिस्टर हात धुऊन उभी आणि भूल देणारा नाही, तर सगळंच ठप्प. एका माणसावाचून चौघांचं काम अडतं, तेव्हा त्या माणसाचा रेट चढतो. आपल्याकडे म्हण आहेच, अडला हरी...!

मग माझी बहीण आणि मॅडम यांनी मिळून मला एकेका शाखेचा बाजार समजावला. त्वचारोगतज्ज्ञ पंधरा दिवस थायलंडला गेले तर क्लिनिकला सरळ कुलूप लागतं. पिंपल्स थांबतात, त्यामुळे तिथे बदली डॉक्टरचा रेटच नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांचं उलटं. बाळंतपण थांबत नाही, पण पेशंटला ‘आमच्याच मॅडम’ हव्या असतात आणि मॅडमना भीती, बदलीवर आलेलीनेच पेशंट नेले तर? म्हणून त्या पैसे देऊन अनोळखी कुणाला बसवतच नाहीत. बॅचमेटला फोन करतात, ‘दहा दिवस सांभाळून घे गं, दिवाळीत मी तुझं बघते.’ हा व्यवहार कुठल्याच एक्सेलमध्ये येत नाही. आयसीयूत रात्र काढणाऱ्या एमडी फिजिशियनचा भाव मात्र वेगळाच, साध्या आरएमओच्या चार-पाच पट. २०२०च्या ऑगस्टमध्ये नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जंबो कोविड हॉस्पिटल उभं राहिलं, त्या दिवसांत तर अशा डॉक्टरने सांगितलेला आकडा हॉस्पिटलवाले मुकाट्याने मान्य करत, असं मॅडम म्हणाल्या. लाट ओसरली तसा भावही ओसरला.

सगळ्यात भारी गोष्ट सोनोग्राफीवाल्यांची. तिथे पैसे असूनही बदली मिळणं मुश्कील, कारण मध्ये कायदा उभा आहे. मुलींचा गर्भपात रोखण्यासाठीच्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नियमांत २०१२ साली बदल झाले. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंदणी करता येते आणि माणूस बदलायचा तर तीस दिवस आधी कळवावं लागतं. म्हणजे रेडिओलॉजिस्टला उद्या सकाळी ताप आला तर परवा दुसरा आणून बसवता येत नाही. सीटी आणि एमआरआयचं तसं नाही. ते फोटो कुठेही पाठवा, कोणीतरी घरी बसून नगावर रिपोर्ट लिहून देतो.

सरकार म्हणतं, तुम्हीच सांगा किती

मला वाटलं होतं, गावाकडे रेट कमी असणार. घरभाडं कमी, वडापाव स्वस्त, तसा डॉक्टरही. निघालं भलतंच. स्पेशालिस्टचा खाजगी रेट शहरापासून जितकं लांब जाल तितका वाढतो. साध्या आरएमओचा मात्र वाढत नाही, उलट कधी कधी उतरतो, कारण गावातल्या हॉस्पिटलला तेवढं परवडत नाही.

सरकारचं तिसरंच. महापालिका आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती तुम्ही पेपरात पाहिल्या असतील. वर्षानुवर्षं त्यात तेच आकडे दिसायचे. एमबीबीएसला महिना साठ हजार, अर्धवेळ असेल तर तीस, स्पेशालिस्टला पंचाहत्तर हजार, सुपरस्पेशालिस्टला सव्वा लाख. आता सव्वाशे किलोमीटर लांबच्या ग्रामीण रुग्णालयात राहून पंचाहत्तर हजार घ्यायचे, की निगडीत राहून तेवढेच वीस-बावीस केसेसमध्ये मिळवायचे? मॅडमना हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. उत्तर डिकीत दिसत होतं.

परिणाम केंद्र सरकारच्याच आकडेवारीत आहे. २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातल्या ग्रामीण सामूहिक आरोग्य केंद्रांत सर्जनची ८३ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८२ टक्के, फिजिशियनची ७९ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४ टक्के कमतरता होती. पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या! शेवटी आरोग्य अभियानाने राज्यांना एक मोकळीक दिली, तिचं नावच आहे ‘यू कोट, वी पे’. तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो. शिवाय दुर्गम भागात सिझरसाठी येणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांना वेगळं मानधन. सरकारी भाषेत लिहिलेला ‘अडला हरी’च म्हणायचा हा.

इंग्लंडमध्ये याच्या उलट प्रयोग झाला. तिथे अशा बदली डॉक्टरला ‘लोकम’ म्हणतात, मूळ लॅटिन, अर्थ दुसऱ्याची जागा धरून बसलेला. तिथल्या सरकारी हॉस्पिटलांचं एजन्सीचं बिल फारच फुगलं, तेव्हा एप्रिल २०१६पासून मर्यादा आली, की नेहमीच्या दरापेक्षा ५५ टक्क्यांहून जास्त द्यायचं नाही. आपल्याकडे रात्रपाळीच्या आरएमओसाठी वरची मर्यादा घालायची वेळ यायची नाही. खालची घातली तर बरं होईल.

आणि हो, आदिवासी भागातल्या भरारी पथकाचे डॉक्टर. बहुतेक बीएएमएस. पाड्यापाड्यावर जाऊन कुपोषित बाळं आणि गरोदर बाया तपासणारे. त्यांच्या हुद्द्यातच ‘मानसेवी’ शब्द आहे. महिन्याला चोवीस हजारांवर कितीतरी वर्षं राबल्यावर २०२० साली त्यांचं मानधन चाळीस हजार करायचं ठरलं. त्यांच्यावाचूनही अडतंच की. पण ज्याचं अडतं त्याच्याकडे फोनही नसतो आणि पैसेही.

रात्री दोन वाजून दहा मिनिटं

तर माझं एक्सेल तयार झालं. एएफआयएचवाले एक निवृत्त गृहस्थ मिळाले, चार हजारांवर. फर्स्ट शिफ्ट. ऑडिट फर्स्ट शिफ्टलाच होतं. सेकंडला आमच्या नर्सबाई होत्या. थर्ड शिफ्टसाठी मी एक ओळ टाकली होती, बीएएमएस डॉक्टर, रात्रीचे पंधराशे, छत्तीस रात्री, एकूण चोपन्न हजार.

सरांनी फक्त भुवई उंचावली. ‘‘नाइटला कशाला? फर्स्ट-एडचं ट्रेनिंग झालेला सुपरवायझर आहे ना?’’

खरं सांगू? मी वाद घातला नाही. ती ओळ मीच डिलीट केली. मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं, बजेटच्या आत बसवलं म्हणून. कंपनीच्या वर्धापनदिनाच्या टी-शर्टांचं बिल चोपन्न हजारांपेक्षा जास्त होतं, हे तेव्हा आठवलं नाही.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. प्रेस शॉपमधला तेवीस वर्षांचा मुलगा, कंत्राटी, डाव्या हाताची दोन बोटं डायखाली आली. एकाचं टोक तुटून पडलं होतं. सुपरवायझरने हात कापडाने घट्ट बांधला, गाडी काढली, सगळं पटापट केलं. तुटलेलं टोक त्याने कँटीनच्या बर्फात ठेवून बरोबर नेलं. आपल्याला सगळ्यांना सिनेमे बघून एवढंच माहीत असतं, बर्फात ठेवायचं.

तसं नसतं. मला हे पहाटे चार वाजता हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कळलं आणि तुम्हाला आत्ता सांगतेय. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ मांसाला थेट लागता कामा नये.

हे मला तिथल्या आरएमओने सांगितलं. पंचविशीचा मुलगा, डोळे लाल, पायात स्लिपर. आम्ही पोचलो तेव्हा जागा होता तो एकटाच. रक्त थांबवणं, सलाइन, धनुर्वाताचं इंजेक्शन, एक्स-रे, सर्जनला फोन, ॲनेस्थेटिस्टला फोन, सगळं त्याने केलं. ॲनेस्थेटिस्ट पन्नास मिनिटांनी आले, सर्जन त्यांच्या पाठोपाठ. टोक जोडता आलं नाही. सर्जनना मी घाबरत घाबरत बर्फाचं विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही, कापलेलं आणि चिरडलेलं यात फरक असतो, आणि प्रेसचं बहुधा चिरडलेलंच असतं. ‘बहुधा’ हा शब्द त्यानंतर बरेच दिवस माझ्याबरोबर घरी येत होता.

मुलगा तीन दिवसांनी घरी गेला. बिल माझ्या टेबलवर आलं, कारण बिलं माझ्याच टेबलवर येतात. सर्जन फी, ओटी चार्जेस, ॲनेस्थेशिया नऊ हजार. आणि सगळ्यात खाली, जीएसटीच्या नंबराशेजारी, आरएमओ चार्जेस, चारशे गुणिले तीन. बाराशे रुपये. त्यातले त्या मुलाला किती मिळाले असतील, ते मी आता अंदाजाने सांगू शकते.

त्या रात्रीनंतर मी नियम पुन्हा काढून वाचला. ॲम्ब्युलन्स रूममधला वैद्यकीय स्टाफ कामाच्या वेळात लगेच उपलब्ध हवा, असं कारखाने अधिनियमात लिहिलेलं होतं. कामाची वेळ म्हणजे सकाळी नऊ ते सहा, असं कुठेही नाही. आमच्याकडे कामाची वेळ चोवीस तास आहे. हे मी सरांना मेलवर लिहिलं, सीसीमध्ये सेफ्टी आणि लीगल. अर्ध्या तासात ‘ॲप्रूव्ह्ड’ आलं.

मग मी नाइटसाठी फोन लावला. बीएएमएस, राजगुरुनगरकडचा मुलगा. म्हणाला, ‘‘मॅडम, अठराशे द्या.’’ माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘‘पंधराशेत बघा ना.’’ बोलले आणि जीभ चावली. तो मात्र लगेच म्हणाला, ‘‘चालेल.’’ एवढ्या लगेच, की मलाच कसंतरी झालं. मी अठराशेच लिहिले. त्यावर त्याने एकच विचारलं, सकाळी सातला गेटवरून चौकापर्यंत कंपनीची बस सोडेल का, कारण नऊला त्याची दुसरी ड्युटी असते.

आमचे डॉक्टर न्यू जर्सीहून परत आलेत, नातीचे फोटो दाखवत फिरतायत. नाइटची ओळ शीटमध्ये अजून आहे. पुढच्या महिन्यात बजेट रिव्ह्यू आहे, आणि सरांनी त्या ओळीला पिवळा रंग देऊन ठेवलाय.